वांझ डास, जांभा आणि आतेची पिशवी

आतेची पिशवी २००५ साली काढली. आमच्या घरात हे वाक्य कॅलेंडरसारखं वापरतात. पिशवी काढली त्या वर्षी पडवीवर पत्रे घातले. पिशवी काढली तेव्हा तू चौथीत होतीस. पावसजवळच्या गावात आतेचं घर आहे आणि त्या घरातली निम्मी वर्षं अशीच मोजली जातात.

गेल्या पावसाळ्यात खळ्यातल्या शेवाळावरून ती घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, पाळी कधी गेली? आते म्हणाली, पिशवीबरोबरच, सदतिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, ओव्हरीज ठेवल्या होत्या का? आतेने माझ्याकडे बघितलं. जणू ते उत्तर मी चौथीत असताना कुठेतरी लिहून ठेवलं असावं.

घरी आल्यावर ट्रंकेतून जुने कागद काढले. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन लघुरूपं होती: टीएएच आणि बीएसओ. मी फोनवर शोधलं. पहिल्याचा अर्थ पोट उघडून गर्भाशय काढलं. दुसऱ्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नलिका आणि दोन्ही बीजांडकोशही काढले. बीजांडकोश इतक्या लवकर गेले की इस्ट्रोजेन अचानक तुटतं आणि हाडं वेळेआधी ठिसूळ व्हायची शक्यता वाढते. तेव्हा ते काढणं गरजेचं होतं की नव्हतं, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. मी डॉक्टर नाही, आणि हा लेख त्या दवाखान्याबद्दलही नाही.

मला छळतो तो वेगळा प्रश्न आहे. एका बाईच्या शरीरातून चार-पाच अवयव निघाले आणि तिच्यापर्यंत त्यातला एकच पोहोचला, कारण तिच्या मराठीत त्या सगळ्यांसाठी मिळून एकच शब्द होता. पिशवी.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. मराठीत विज्ञानाबद्दल जे लिहिलं जातं ते आवडीने वाचते. फोनमध्ये स्क्रीनशॉटचं एक फोल्डरच आहे. त्या दिवसानंतर ते सगळं पुन्हा वाचलं, पण माहितीसाठी नाही. कविता किंवा कथा वाचतो तसं. कर्ता कोण आहे, कर्म कोण आहे, कुठला शब्द कुठून आला, काय गाळलं. डास, बाई आणि पदार्थ हे तीन विषय त्या फोल्डरमध्ये सारखे येतात. तिन्हींकडे बघण्याची आपल्या भाषेची तीन वेगवेगळी खोड आहे असं मला दिसलं. डासाशी ती युद्ध करते, बाईविषयी लाजते आणि पदार्थापुढे हात जोडते.

मुरूडचा माणूस

या खोडी नव्या नाहीत, आणि त्यांना उत्तर देणारा माणूस आमच्याच जिल्ह्यात जन्मला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ साली दापोलीजवळच्या मुरूडचा. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं क्लिनिक सुरू झालं तेही त्याच वर्षी. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी दंड झालाच.

या तारखेशेजारी दुसरी एक तारीख ठेवून बघा. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' सुरू झालं, मराठीतलं पहिल्या काही विज्ञान मासिकांपैकी एक. म्हणजे वर्षभराच्या आत मराठीत दोन मासिकं जन्मली. एक तारे, किडे, यंत्रं यांबद्दल बोलणार होतं, दुसरं शरीराबद्दल. दोन्हींमागे विज्ञानाची शिस्त होती. पहिल्याला आदर मिळाला, दुसऱ्याला कोर्टाचं समन्स. मराठी विज्ञानलेखनाची वाटणी तिथेच झाली असं मला वाटतं. आकाश विज्ञानाच्या पानावर गेलं, आणि गर्भाशय गेलं 'महिलांसाठी' पानावर, जिथे अजूनही 'त्या दिवसांत' असं लिहितात.

'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आता इंटरनेटवर वाचायला मिळतात. वाचताना आधी जाणवतं ते वाक्य. कर्व्यांचं वाक्य गणितज्ञाचं आहे: अमुक गृहीत धरलं तर तमुक निघतं, ते मान्य नसेल तर गृहीतक खोडून दाखवा. ते अवयवाचं नाव घेतात, साधनाचं नाव घेतात, ते कसं वापरायचं आणि कुठे फसतं ते सांगतात. वाचकाच्या खासगी प्रश्नाला ते उत्तर देतात, उपदेश करत नाहीत. १९३४ चा खटला अशा प्रश्नोत्तरांवरूनच झाला होता.

पण कर्व्यांना देव्हाऱ्यात बसवायचं मला कारण दिसत नाही. त्यांच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रीदेह असायचे. नग्नतेत पाप नाही हा त्यांचा मुद्दा पटतो, मात्र तो सिद्ध करायला उभी राहते ती बाईच. शिवाय त्यांच्या गद्यात चुकीची शक्यता फार कमी आहे. समोरचा चुकतोय हे त्यांना नेहमी माहीत असतं. लाजेवर त्यांनी मात केली, शंकेला फारशी जागा ठेवली नाही. आजच्या विज्ञानलेखनाला या दोन्ही गोष्टी लागतात, म्हणून हे नोंदवायला हवं.

वांझ कोण?

आता डास. चावते ती फक्त मादी, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. त्यामुळे डासांच्या जनुकांवरचं बरंचसं संशोधन हे मुळात मादीच्या प्रजननावरचं संशोधन असतं. बातमीत हे क्वचितच लिहिलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने आफ्रिकेतल्या ॲनोफेलीस गँबी या डासावर एक प्रयोग केला. डासात 'डबलसेक्स' नावाचं जनुक असतं. नर घडणार की मादी, यात त्याचा हात असतो. या जनुकाचा फक्त मादीत उपयोगी पडणारा तुकडा त्यांनी मोडला, आणि हा मोडलेपणा पुढच्या पिढ्यांत नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात उतरेल अशी योजना केली. याला जीन ड्राइव्ह म्हणतात. नर ठीक राहतात आणि मोडलेलं जनुक पसरवत राहतात. ज्या मादीला आई आणि बाप दोघांकडून मोडलेली प्रत मिळते ती धड मादी होत नाही. ती चावू शकत नाही आणि अंडी घालत नाही. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांत ७ ते ११ पिढ्यांत डासांची संख्या शून्यावर आली.

अशा संशोधनाची मराठी बातमी बहुतेक वेळा दोन शब्दांवर उभी असते: 'वांझ' आणि 'नायनाट'. कधी नर डासांसाठी 'नपुंसक' येतो. वाचताना मला अडखळायला होतं. 'वांझ' हा शब्द मराठीने प्रयोगशाळेसाठी घडवलेला नाही. तो बारशाच्या दिवशी कुणाला पाळण्यापासून लांब ठेवायचं यासाठी घडवलेला आहे. त्यात वर्णन नाही, निकाल आहे. डासाला तो लागत नाही हे खरं, डास बातम्या वाचत नाहीत. पण बातमी वाचणारी बाई असते, आणि तिला पुन्हा एकदा कळतं की अंडी न घालणारी मादी म्हणजे जिंकलेलं युद्ध.

शास्त्रीय दृष्टीनेही हा शब्द चुकतो. २०१७ मध्ये आपल्याच राज्यात, जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत, ऑक्सिटेक कंपनीच्या जनुकबदल केलेल्या एडिस डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्यांची सुरुवात झाली. ते नर वांझ नव्हते आणि नपुंसकही नव्हते. ते मादीशी संग करतात, अंडी फळतात, पण पिल्लं मोठी होण्याआधी मरतात, कारण बापाकडून आलेलं जनुक त्यांना जगू देत नाही. म्हणजे संतती होते आणि टिकत नाही. या दोन गोष्टींतला फरक आपल्या आज्यांना नीट माहीत होता. मराठीत दोन्हींसाठी वेगळी, दुःखाने भरलेली भाषा आहे. बातमी मात्र दोन्हींना एकाच शब्दाने उरकते.

युद्धाच्या भाषेत आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे ज्यांच्या अंगणात हे सोडायचं त्यांची संमती. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणासाठी एक केंद्र उभारलं. अमेरिकेचा पैसा होता. हरियाणातल्या सोनीपतमध्ये निर्बीज केलेले एडिस सोडायची तयारी झाली होती. पण या संशोधनाचा उपयोग जैविक युद्धासाठी होईल का, अशी शंका वर्तमानपत्रांनी आणि नंतर संसदेच्या समितीने घेतली. १९७५ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. शंका कितपत खरी होती यावर आजही वाद घालता येईल. मात्र ज्या संशोधनाची गोष्ट लोकांना त्यांच्या भाषेत आधी सांगितली जात नाही, त्याची गोष्ट नंतर दुसरं कुणीतरी सांगतं. आणि ती मग भीतीची गोष्ट असते.

या विषयात मराठीने एक शब्द मात्र अप्रतिम दिला आहे: हिवताप. आधी हुडहुडी, मग ताप. रोगाचा क्रम शब्दातच आहे. सरकारी पाटीवरही तोच आहे, जिल्हा हिवताप अधिकारी. हा शब्द भाषांतर करून आलेला वाटत नाही, गोधडीखाली कापणाऱ्या माणसाजवळ बसून आल्यासारखा वाटतो.

पायाखालचा पदार्थ

तिसरी खोड हात जोडण्याची. पदार्थविज्ञान हा भौतिकशास्त्राचा जुना मराठी शब्द मला फार आवडतो, कारण पदार्थ म्हणजे स्वयंपाकघरातलं काहीतरी, चाखून बघता येण्यासारखं. नव्या पदार्थांच्या बातम्यांत मात्र चव घ्यायला वेळच नसतो. तिथे 'जादुई', 'क्रांतिकारी' आणि 'जग बदलणार' हे शब्द असतात.

जुलै २०२३ आठवतो का? एलके-९९ नावाचा एक पदार्थ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. कोरियातल्या संशोधकांचा दावा होता की तो साध्या तापमानाला अतिवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज कुठल्याही विरोधाशिवाय वाहते. एक करडा तुकडा चुंबकावर अर्धवट तरंगतानाचा व्हिडिओ मला एका दिवसात चार ग्रुपांवर आला. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून बघितला. त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही सुरुवातीच्या काही गटांत होती. अतिवाहकता सापडली नाही. विरोध एकदम घसरलेला दिसत होता त्यामागे भेसळ होती: कॉपर सल्फाइड राहून गेलं होतं आणि ते साधारण १०४ अंशांना आपली रचना बदलतं.

मला विचाराल तर खरी गोष्ट इथे सुरू होते. एखाद्या भेसळीने जगाला महिनाभर चकवलं, आणि ती भेसळ लोकांनी भट्ट्या तापवून शोधून काढली, यात गुप्तहेरकथेचा सगळा मसाला आहे. पण दाव्याचे स्क्रीनशॉट माझ्या फोल्डरमध्ये ढीगभर आहेत आणि तपासाचा मराठीतला एकही नाही. चमत्कार खोटा निघाला की भक्त निघून जातात, तसं झालं.

हात जोडून वर बघायच्या सवयीत पायाखालचं दिसत नाही. मी जांभ्याच्या घरात वाढले. चिरा खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो म्हणून कापता येतो, आणि हवेत राहिला की कडक होतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. का, ते मला भौतिकशास्त्र शिकूनही माहीत नव्हतं. पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं लाखो वर्षं धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. खाणीत ती ओली असतात. उघड्यावर पाणी उडतं, लोहाची संयुगं जास्त घट्ट स्फटिकरूप घेतात आणि कणांना एकमेकांशी बांधतात. दगड आपोआप सिमेंट होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात हाच दगड बघून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. शाळेच्या पुस्तकात मात्र आमच्या वाट्याला जांभी मृदा, पाऊस जास्त, सुपीकता कमी, एवढंच येतं. ग्राफीनवर मी वर्गात सेमिनार दिला होता. वर्गाच्या भिंतीवर कुणी दिला नव्हता.

आणि याच जांभ्यात डासही आहे. सड्यावरच्या सोडलेल्या चिरेखाणी पावसात भरतात, पाणी साचून राहतं, आणि साचलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या वाढतात. पदार्थ, डास आणि ताप हे तीन विषय वर्तमानपत्रात तीन पानांवर असतात. आतेच्या घरामागे ते एकाच खड्ड्यात आहेत.

तांबी

तिन्ही विषय जिथे एका शब्दात भेटतात तो शब्द म्हणजे तांबी.

कॉपर-टी भारतातल्या दवाखान्यांत आली तेव्हा तिच्यासाठी कोशातून शब्द काढता आला असता. बायकांनी तो काढू दिला नाही. तांब्याची ती तांबी. 'तांबी बसवली', 'तांबी काढली'. कॉपर-टी ३८० मधल्या ३८० चा अर्थ विचारा, बहुतेकांना मॉडेल नंबर वाटतो. तो आहे तांब्याच्या उघड्या पृष्ठभागाचा आकडा, चौरस मिलिमीटरमध्ये. तार आणि पट्ट्या मिळून इतकं तांबं गर्भाशयाला दिसतं. त्यातून रोज काही मायक्रोग्रॅम तांबं आयनांच्या रूपात सुटतं आणि शुक्राणूंना निकामी करतं. पृष्ठभाग किती, झिज किती, किती वर्षं पुरेल, हे सगळं धातूचं भौतिकशास्त्र आहे आणि ते एका बाईच्या शरीरात चालू असतं. नाव चांगलं असल्याचा पुरावा असा की त्यामुळे पुढचा प्रश्न विचारता येतो: तांबं झिजतं का? झिजलं की बदलायची का? 'पिशवी' हा शब्द असा प्रश्न सुचूच देत नाही. पिशवी भरते किंवा रिकामी होते. मुलं झाली की रिकामी पिशवी कशाला ठेवायची?

उलट टोकाचा शब्द 'टेस्ट ट्यूब बेबी'. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला. या तंत्रात बीज आणि शुक्राणू भेटतात ते सहसा पसरट काचबशीत, नळीत नाही. पुढचे नऊ महिने तर बाईच्याच पोटात. तरी नाव पडलं नळीचं, आणि आई त्यातून नाहीशी झाली. या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच असं मूल जन्माला घातल्याचा दावा केला होता. त्यांचा अपमान झाला, त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या नोंदी बघून आनंद कुमारांनीच १९९७ मध्ये लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. आपण पहिले नव्हतो, असं स्वतःहून जाहीर करणं ही विज्ञानातली फार मोठी घटना आहे. पण 'पहिलं', 'विक्रम', 'झेंडा' अशा शब्दांच्या बातमीत तिला जागाच नसते.

भाषा काय करणार?

इथे एक आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या मैत्रिणीनेच घेतला. ती म्हणाली, शब्द शस्त्रक्रिया करत नाहीत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागे खाडा पडला की कापली जाणारी मजुरी होती, फडावर संडास-पाणी नसणं होतं, दवाखान्यांचा धंदा होता. 'पिशवी'ऐवजी 'गर्भाशय' म्हटलं असतं तर कुणाचा कोयता थांबला असता?

थांबला नसता, हे मला मान्य आहे. पण सहीच्या आधी जो एक मिनिट असतो त्यात बाईकडे फक्त शब्दच असतात. 'पिशवी खराब झाली आहे, काढून टाकू' याला नाही म्हणता येत नाही, खराब पिशवी कोण ठेवतं? 'गर्भाशय काढू आणि अंडाशयही काढू' असं म्हटलं तर निदान 'आणि' ऐकू येतं. 'आणि' ऐकू आलं की 'ते का?' विचारता येतं. व्यवस्था बदलायला कायदा लागतो, पैसा लागतो, संघटना लागते. तो 'आणि' बदलायला लिहिणारा माणूस पुरतो. माझी मागणी तेवढीच आहे.

शुद्ध मराठीचा आग्रहही मी धरत नाही. 'बीजांडकोश' आतेला तितकाच परका आहे जितका 'ओव्हरी'. शब्द संस्कृतातून आला की इंग्रजीतून, याला महत्त्व कमी. त्यातून वस्तू दिसते का आणि पुढचा प्रश्न सुचतो का, एवढं बघायचं. हिवताप, तांबी, चिरा या परीक्षेत पास होतात. वांझ, पिशवी आणि जादुई नापास.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर विज्ञानाची मराठी बातमी आली की मी जे करते ते तुम्हीही करून बघा. कुणी, काय, किती मोठ्या तुकड्यावर किंवा किती जणांवर केलं, हे शोधा. मादी, बाई, आई वाक्यातून गायब झाली आहे का बघा. आणि 'अजून कळलेलं नाही' असं वाक्य शोधा. ज्या लेखात ते सापडेल तो लेखक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आतेला मी सांगितलं ते असं. गौरी येऊन गेल्या होत्या, प्लास्टर निघालं होतं, ती चुलीपाशी बसून दुसऱ्या हाताने मनगट दाबत होती. मी म्हटलं, आते, तेव्हा पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले होते.

"ते काय गो? पंचांगातलं काय?"

मी हाताने पोटावर जागा दाखवली, दोन्ही बाजूंना. मग काय म्हणावं ते सुचेना. तिनेच विचारलं, "कोंबडी साफ करताना आत पिवळ्या अंड्यांचा घोस असतो, तसा?"

तसाच. कोंबडीला कामाचा एक असतो, बाईला दोन. त्यातून दर महिन्याला एक अंडं सुटतं, आणि त्यातूनच हाडांना जपणारं काहीतरी रक्तात जातं.

ती बराच वेळ गप्प होती. तिने आयुष्यात किती कोंबड्या साफ केल्या असतील. तो घोस हातात कसा लागतो, पडदा किती पातळ असतो, हे तिला माझ्यापेक्षा आणि माझ्या सगळ्या स्क्रीनशॉट्सपेक्षा चांगलं ठाऊक होतं. फक्त तसाच काही आपल्यातही होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ते दोन्ही काढले," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग थोड्या वेळाने विचारलं, "कशासाठी काढले ते लिहिलंय का कागदावर?"

एकोणीस वर्षांनी आलेला हा पहिला प्रश्न. कागदावर त्याचं उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात हाडांची तपासणी आहे, तेव्हा कागद बरोबर घ्यायला सांगितलं आहे तिने. म्हणाली, विचारीन मीच. तू फक्त तो इंग्रजी शब्द एकदा मराठीत लिहून दे.

मी चिठ्ठीवर लिहिलं: अंड्यांचे दोन घोस.